फलकावर नाव मोठे, हिशेब कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या घरामागच्या बोळात दोन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले. काम सुरू होण्याच्या आदल्या रात्रीच बोळाच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर लोकप्रतिनिधींचे हात जोडलेले पुरुषभर उंचीचे छायाचित्र होते, त्याखाली ‘यांच्या विशेष प्रयत्नातून व स्थानिक विकास निधीतून’ ही ओळ आणि तिच्याही खाली आमच्याच आळीतल्या पंधरा-वीस कार्यकर्त्यांचे गोल चौकटीतले चेहरे. काम किती रुपयांचे आहे, ठेकेदार कोण, मुदत किती, आणि काम बिघडले तर ते कोणी व कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करून द्यायचे आहे, यांपैकी एक अक्षरही त्या फ्लेक्सवर नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात बोळाचा मधला भाग खचला आणि तिथे पाणी साचू लागले. लोकप्रतिनिधींच्या संपर्क कार्यालयात गेलो, तर त्यांनी नगरपालिकेत विचारायला सांगितले. नगरपालिकेत ‘हे आमदार निधीचे काम आहे, आमच्याकडे त्याची फाइल नाही’ असे उत्तर मिळाले आणि तिसऱ्याच एका कार्यालयाकडे बोट दाखवण्यात आले. श्रेय घ्यायला वीस चेहरे होते. खड्ड्याला मात्र कोणीही धनी नव्हता.

आमदार निधी नेमका कोणाचा असतो, याविषयी लोकांमध्ये बराच गैरसमज आहे आणि तो दूर करण्यात कोणालाच रस नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २०२२ पासून राज्यातील प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास कार्यक्रमाखाली वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ जागा धरल्या, तर ही रक्कम वर्षाला १,८३० कोटी रुपये होते. ती राज्याच्या तिजोरीतून येते. आमदार कामाची शिफारस करतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि प्रत्यक्ष काम एखादी शासकीय यंत्रणा ठेकेदाराकडून करून घेते. म्हणजे ‘यांच्या निधीतून’ या शब्दांतला षष्ठीचा प्रत्यय मुळातच चुकीच्या माणसाला लागलेला आहे. हा प्रत्यय मला नोकरीभर खटकत आला. निवृत्तीनंतर तो घराच्या मागेच येऊन उभा राहिला.

नोकरीचा उल्लेख केला, कारण मी तीस वर्षे स्थानिक निधी लेखापरीक्षेचे काम केले आहे. नगरपालिका, पंचायत समित्या आणि बाजार समित्या यांची दप्तरे तपासत महिनोन्‌महिने परगावी मुक्काम केले. त्या तीस वर्षांत मी लिहिलेल्या आक्षेपांना आलेल्या उत्तरांची वर्गवारी करायची झाली, तर बहुतेक उत्तरे दोन वाक्यांत मावतील : ‘पूर्तता करण्यात येईल’ आणि ‘अभिलेख उपलब्ध नाही’. पहिले वाक्य वर्षानुवर्षे त्याच आक्षेपापुढे पुन्हा लिहिले जाई आणि संबंधित अधिकारी निवृत्त झाला की दुसरे वाक्य येई. लेखापरीक्षा आजही मूळच्या १९३० च्या अधिनियमाच्या पायावर चालते. तो कायदा जुना असला तरी वाईट नाही. आक्षेप लिहिला जातो, त्याला क्रमांक पडतो, तो फाइलमध्ये राहतो. पण ज्यांच्या सह्यांनी व ठरावांनी तो खर्च झाला, त्यांना पुढच्या निवडणुकीत मत मागताना त्या आक्षेपाचे उत्तर द्यावे लागत नाही, कारण मतदाराला असा आक्षेप आहे हेच ठाऊक नसते.

राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये एक परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे सांगितले आहे. त्यासाठी माहिती अधिकाराच्या अर्जाची भानगड नाही आणि त्याच्या उत्तरासाठी तीस दिवस थांबणेही नाही. ही कल्पना त्याआधी पुणे महापालिकेत राबवली गेली होती आणि तिथल्या जागरूक नागरिकांनी तिचा चांगला उपयोग करून घेतला होता. मी तिसऱ्या कार्यालयात पहिल्या सोमवारी गेलो, तेव्हा टेबलावरच्या लिपिकाने ‘असे काही परिपत्रक आमच्याकडे आलेले नाही’ असे सांगितले. दुसऱ्या सोमवारी मी परिपत्रकाची प्रत बरोबर नेली. त्या दिवशी ‘साहेब साइटवर आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे’ असे समजले. तिसऱ्या सोमवारी साहेब होते, किल्लीही होती, आणि लाल फीत बांधलेली फाइल माझ्यासमोर आली. एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या लिपिकाने मला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला आणि पाने उलटताना हळूच म्हणाला, ‘काका, सात वर्षांत पहिलेच तुम्ही.’ या वाक्याचा दोष मी त्या कार्यालयाला जेवढा देतो, तेवढाच आम्हा नागरिकांनाही देतो.

फाइलमध्ये मोजमाप पुस्तिका होती. तिला कार्यालयांत सगळे ‘एमबी’ म्हणतात. कामाचे पैसे देताना आधार असतो तो या पुस्तिकेतल्या नोंदीचा. आमच्या बोळाची नोंद लांबी ११२ मीटर, रुंदी २.४० मीटर अशी सरसकट होती. ज्या बोळातून मी चाळीस वर्षे सायकल नेतो आहे, तो पिंपळाच्या पुढे अरुंद होतो, हे सांगायला मोजपट्टीची गरज नव्हती; तरी संध्याकाळी नातवाला पट्टीचे दुसरे टोक धरायला लावून मोजले. पहिले ४० मीटर रुंदी २.४० भरते, पुढचे ७२ मीटर ती १.९० आहे. गुणाकार केला, तर नोंदीतले क्षेत्र २६८.८ चौरस मीटर आणि जमिनीवरचे २३२.८. म्हणजे ३६ चौरस मीटर ब्लॉक फक्त कागदावर बसले आहेत. नोंदीखाली दोन सह्या होत्या, दोन्ही न वाचता येण्याजोग्या. त्यांखाली ना नाव, ना हुद्दा, ना तारीख. याच फाइलमध्ये दोष दायित्व कालावधी दोन वर्षांचा असल्याचे लिहिले होते, म्हणजे खचलेला भाग दुरुस्त करून देणे ठेकेदारावर बंधनकारक होते आणि ही मुदत येत्या जूनमध्ये संपणार होती. फ्लेक्सवर एवढी एक ओळ असती, तर आळीतल्या कोणत्याही गृहिणीने ठेकेदाराला फोन लावून ते काम करून घेतले असते. माझ्या लेखी तक्रारीनंतर मधला भाग उखडून पुन्हा बसवला गेला, हे प्रामाणिकपणे सांगतो. ३६ चौरस मीटरच्या पैशांविषयी मात्र अद्याप उत्तर नाही. आणि ज्या नेत्यांचे नाव फ्लेक्सवर हातभर अक्षरांत होते, त्यांचे नाव अख्ख्या फाइलमध्ये फक्त एकदा, शिफारशीच्या पत्राखाली, आढळले.

रक्कम किरकोळ आहे, हे मला कळते. कोट्यवधींच्या घोटाळ्यांवर आपल्या वृत्तपत्रात अग्रलेख येतात, तिथे छत्तीस चौरस मीटरचे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण लेखापरीक्षक म्हणून माझा अनुभव असा की, मोठ्या अपहाराची रीत छोट्या कामांतच शिकली जाते आणि तिथे कोणी विचारत नाही याची खात्री पटली की पुढचा आकडा वाढतो.

पारदर्शकतेसाठी नवे कायदे करण्याची मागणी वारंवार होते. माझ्या मते आहेत तेच पुष्कळ आहेत. महाराष्ट्राने तर माहितीचा अधिकार केंद्राच्या आधी, २००२ मध्येच आणला आणि त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, अधिकार, निर्णय घेण्याची पद्धत, अंदाजपत्रक व खर्च यांची १७ मुद्द्यांवरची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे आणि ती अद्ययावत ठेवायची आहे. आमच्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर ही सतरा कलमी माहिती आहे. तिच्यातले मुख्याधिकारी तीन बदल्यांपूर्वीचे आहेत. याच कायद्यात नागरिकाला प्रत्यक्ष काम पाहण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. राज्याच्या नियमांनी मात्र २०१२ पासून अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांत बांधून टाकला. त्यात नोव्हेंबर २०२५ पासून नवी भर पडली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि ‘वैयक्तिक माहिती’ या सबबीवर नकार देणे पूर्वीपेक्षा बरेच सोपे झाले. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण खालच्या पातळीवरचा जन माहिती अधिकारी ती वाट आपणहून चालेल, असे मला वाटत नाही. उद्या एमबीवरची सही कोणाची, असे विचारले, तर तीही वैयक्तिक माहिती ठरणार का?

निवडणुकांकडे वळतो, कारण हे पत्र आत्ता लिहिण्याचे कारण तेच आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की, नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर इथे तर २०२० पासूनच प्रशासक होते. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातली ‘जैसे थे’ स्थिती यांत वर्षे गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला, पुढे मुदत वाढवून दिली, आणि मग २१ डिसेंबरला २८८ नगरपरिषदा-नगरपंचायतींचे निकाल लागले व १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचे मतदान झाले. या मधल्या काळात अंदाजपत्रक मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच अधिकारी होता. त्या वर्षांच्या निर्णयांचा हिशेब आता कोणाकडे मागायचा? प्रशासक बदलून गेले, नवे नगरसेवक म्हणतात ‘ते आमच्या आधीचे’, आणि राज्याचे मंत्री म्हणतात ‘तो स्थानिक संस्थेचा विषय’. नव्या सभागृहांनी पहिल्याच काही बैठकांत प्रशासकीय कालखंडात मंजूर झालेल्या कामांची प्रभागनिहाय यादी पटलावर मागवावी, एवढी साधी मागणी एखाद्या सदस्याने केली, तरी बराच उजेड पडेल. सत्ताधारी ती करणार नाहीत, हे समजू शकते. विरोधी बाकावरूनही ती माझ्या कानावर आलेली नाही.

जबाबदारी पातळ करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बहुसदस्यीय प्रभाग. पुण्याचेच पाहा : २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार आणि आता पुन्हा चार. प्रत्येक वेळी राज्यात सत्तेवर असलेल्यांना जे सोयीचे वाटले, ते झाले. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक चालतो, मग इतर शहरांत का चालत नाही, याचे पटणारे कारण मी आजवर ऐकलेले नाही. आमच्याकडे प्रभागात दोघे आहेत. गटार तुंबले की पहिल्याकडे गेलो तर ‘तो भाग दुसऱ्यांकडे’ आणि दुसऱ्यांकडे गेलो तर ‘आम्ही दोघांनी पत्र दिलेले आहे’. लोकांच्या तोंडी म्हण आहेच : बारभाईंची शेती, काय लागेल हाती!

खेड्यात याहून बरी व्यवस्था आहे, निदान कायद्यात तरी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्या सभांत जमाखर्च वाचून दाखवावा लागतो आणि ग्रामसभा टाळणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. अनेक ठिकाणी ही सभा कोरमअभावी तहकूब होते, हे मी तपासणीच्या काळात स्वतः पाहिले आहे. रजिस्टरवर घरोघर फिरवून घेतलेल्या सह्याही पाहिल्या आहेत. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत ग्रामसभेला खरा अर्थ दिला, आणि हिवरे बाजारसारख्या गावानेही सभेतूनच आपले पाणी आणि पीक ठरवले. शहरातल्या मतदाराला असे व्यासपीठच नाही. २००९ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली होती. तीही बहुतांशी जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचा पैसा मिळवण्याची अट म्हणून. पैसा आला, खर्च झाला, क्षेत्रसभा मात्र कागदावरच राहिल्या. तीन-चार हजार मतदारांसमोर आपल्या निधीचा जमाखर्च उभा राहून वाचायचा, हे बहुधा कोणत्याच पक्षाच्या नगरसेवकाला नको आहे; या एका मुद्द्यावर सर्वपक्षीय एकमत अबाधित आहे.

त्याऐवजी आपल्याकडे सर्वसाधारण सभा आहे आणि तिच्यात ‘आयत्या वेळचे विषय’ आहेत. विषयपत्रिका सदस्यांना आधी मिळते, ती वाचून कोणी तयारी करून आले तर चर्चा होऊ शकते. म्हणून वादाचे विषय आयत्या वेळी येतात, सूचक-अनुमोदकांची नावे पुकारली जातात, बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो आणि ठराव होतो. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत कोणी काय म्हणाले, हे ज्याच्या त्याच्या आठवणीवर. माझ्या तपासणीत एका सभेचे इतिवृत्त असे मिळाले होते की, सभा सकाळी ११ वाजता सुरू होऊन ११.२० ला संपली आणि त्या वीस मिनिटांत ६४ विषय ‘सविस्तर चर्चेअंती’ मंजूर झाले. पैशांचा संबंध असलेला कोणताही विषय आयत्या वेळी घेऊ नये आणि मतदान नावानिशी नोंदवावे, एवढे दोन नियम प्रत्येक सभागृहाने स्वतःला घालून घेतले, तरी पुष्कळ फरक पडेल. त्यासाठी मंत्रालयातून आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

राज्यपातळीवर चित्र वेगळे नाही. महालेखापरीक्षकांचे (‘कॅग’) अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात आणि चर्चेला वेळच उरत नाही. लोकायुक्त नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९७२ मधले. पण १९७१ च्या कायद्याने त्यांचे काम शिफारशीपुरतेच ठेवले. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत घेणारे नवे विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाले खरे, परंतु त्यातही मुख्यमंत्र्यांविरुद्ध चौकशीसाठी विधानसभेच्या दोन-तृतीयांश संमतीची अट आहे. ज्यांच्या बहुमतावर मुख्यमंत्री उभे असतात, त्यांनीच ती द्यायची. यावर जाणकार अधिक लिहितील.

लोकप्रतिनिधींची बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या भागातले एक माजी नगरसेवक, साधे आणि फिरते गृहस्थ, मला म्हणाले : ‘साहेब, पाच वर्षांत माझ्या दारात शाळेच्या प्रवेशाला माणसे आली, दवाखान्याचे बिल कमी करायला आली, लग्नाची पत्रिका घेऊन आली. हिशेब विचारायला एकही आला नाही. मी कोणाला दाखवायचा?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बारशापासून दहाव्यापर्यंत हजेरी लावणारा तो चांगला नगरसेवक, ही मोजपट्टी आपणच तयार केलेली आहे आणि तिच्यावर एमबी लिहिता येत नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे, रागावू नये. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या जिल्हा आवृत्तीत नेमाने निघतात आणि त्यांत ‘कोट्यवधींचा निधी खेचून आणला’ असे मथळे असतात. त्या पुरवणीत एक पान त्याच नेत्याने वर्षभरात सुचवलेल्या कामांच्या यादीला द्यावे : काम, ठिकाण, मंजूर रक्कम, झालेला खर्च, ठेकेदार, दोष दायित्वाची शेवटची तारीख. ही माहिती सरकारी दप्तरात तयार असते, ती मागवायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो. आपले तालुका वार्ताहर हे सहज करू शकतील, आणि वाचक ते पान कापून ठेवतील, याची मला खात्री आहे.

आमच्या प्रभागातल्या दोन्ही नव्या नगरसेवकांना मी गेल्या आठवड्यात भेटलो आणि खेड्यात ग्रामसभा असते त्याच दिवशी, १ मे रोजी, आमच्या आळीत सभा घ्यावी, अशी लेखी विनंती केली. एक म्हणाले, ‘बघू, पक्षाशी बोलतो.’ दुसऱ्यांनी, त्या पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत, तारीख वहीत लिहून घेतली आणि विचारले, ‘मंडप, माईक, चहापाणी याचा खर्च कोण करणार?’ त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो. सभा संध्याकाळी सहा वाजता पिंपळाच्या पाराशी होईल, सतरंज्या आम्ही टाकू आणि माईकची गरज नाही, बोळ अरुंद आहे. त्यांनी फक्त फाइली घेऊन यावे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त लेखापरीक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे)